माझा पहिलावहिला डेन

चिखलमहिना, मेणबत्त्यांच्या सणानंतरचा मंगळवार

हे वासराचं कातडं मला मठातून प्रवचनं उतरवून ठेवायला मिळालं होतं. माझी प्रवचनं वर्षानुवर्षं तीच आहेत आणि गावाला ती माझ्यापेक्षा चांगली पाठ आहेत. तेव्हा कातडं फुकट घालवण्यापेक्षा त्यावर मनातलं लिहावं म्हणतो. लॅटिनमध्ये सुरुवात करणार होतो, पण लॅटिनमध्ये मला मनासारखं चिडता येत नाही.

आणि आज चिडण्यासारखंच झालंय. माझ्या घरात एक डेन आणून ठेवलाय.

ली नदीच्या पलीकडे समुद्रावरून लुटायला आलेले डेन आणि अलीकडे आपण, अशी आपल्या राजानं आणि त्यांच्या राजानं वाटणी करून घेतली. आता म्हणे एकमेकांची घरं जाळायची नाहीत, एकमेकांना गुरं विकायची. पण पलीकडच्यांशी बाजार करायचा तर दोन्हीकडून एकेक माणूस ओलीस ठेवायचा, असं तहात ठरलंय. कुणी दगा केला तर ओलिसाची मान जाते. आमचा गावकारभारी गारमुंड यानं आपला मेहुणा तिकडे पाठवला. त्याला निरोप देताना गारमुंड फारच खुशीत दिसला. त्यांच्याकडून आला तो टोकी. दाराच्या चौकटीएवढा उंच, दाढीला वेणी. त्याला ठेवायचा कुठे, तर माझ्याकडे.

"माझ्याकडेच का?" मी विचारलं.

"पाद्रीबाबा, तुमच्याकडे चोरण्यासारखं काही नाही," गारमुंड म्हणाला. "शिवाय त्याची मान उडवायची वेळ आलीच, तर प्रार्थनेला माणूस शोधायला नको."

माझी धाकटी बहीण विनफ्लेड माझं घर सांभाळते. तिचा नवरा डेन लोकांच्या हातून मेला असता तर घराण्याला थोडी तरी प्रतिष्ठा मिळाली असती, पण तो बाजारातून झिंगून येताना चक्कीच्या नाल्यात पडला. टोकी दारात आला तशी तिनं मांस कापायची सुरी कमरेला खोचली आणि म्हणाली, "पाय पूस."

त्यानं पुसले. दोन्ही.


शनिवार

डेन अंघोळ करतो!

ईस्टर नाही, ख्रिसमस नाही, कुणाचं लग्न नाही. सकाळी उठून म्हणतो, "बाई, वाईच गरम पानी मिळंल का?" मला वाटलं प्यायला हवंय. तर यानं अंगणात पिंप ओढलं, सगळे कपडे काढले आणि आत जाऊन बसला. मग शिंगाच्या कंगव्यानं डोक्याचे केस विंचरले, दाढी विंचरली, भुवयाही विंचरल्या असाव्यात. त्यांच्यात म्हणे दर शनिवारी असंच करतात.

या लोकांनी अर्धा देश कसा जिंकला देव जाणे. वेळ कुठून मिळत असेल?

त्यांची बोली आपल्यासारखीच आहे, फक्त शब्दांची शेपटं खाऊन टाकतात. विनफ्लेडला त्याचं सगळं कळतं. तिनं दोनदा पाणी तापवून दिलं. ओलिसावरही दया दाखवणारी बहीण मला मिळाली आहे, याचा अभिमान वाटला.


उपवासकाळाची सुरुवात

माझ्या प्रवचनांचा परिणाम दिसू लागला आहे. शनिवारी सकाळी गावातल्या बायका चर्चच्या आवारात जमतात. चर्च बंद असतं, तरी जमतात. माझ्या कुंपणापाशी उभ्या राहून बराच वेळ चिंतन करतात.

दारू गाळणारी म्हातारी ऑस्गिथ तर स्टूल घेऊन येते. तिनं मला लहानपणी कडेवर घेतलेलं, त्यामुळे ती मला पाद्री मानायला तयार नाही. आज म्हणाली, "टिल्रेड, तुझ्या घरात उजेड पडलाय रे."

मी नम्रपणे म्हणालो, "सगळी देवाची कृपा."

"हो, देवानं हात सैल सोडून घडवलाय," असं काहीसं पुटपुटली. वयोमानानं भरकटते.


उपवासकाळ, दुसरा आठवडा

घरचं जेवण सुधारलंय. एरवी ईस्टरआधीच्या या चाळीस दिवसांच्या उपवासात विनफ्लेड मला वाटाण्याच्या पेजेवर ठेवते आणि वर म्हणते, आत्म्याला बरं असतं. या वर्षी कांदा घालून वाम मासा (मासा उपवासाला चालतो), ताजी भाकरी, काल तर हेझलनटचं सारण. मी म्हणालो, "एवढं कशाला करतेस माझ्यासाठी?" ती लाल झाली. कौतुकाची सवय नाही बिचारीला.

एकच काळजी वाटते. तीसुद्धा शनिवारी अंघोळ करायला लागली आहे. वाईट संगत.


त्याच आठवड्यातला शुक्रवार

बिशपसाहेबांच्या हाताखालचा डीकन आला होता. तरुण आहे, गुळगुळीत आहे, खुर्चीवर बसण्याआधी ती झटकतो. आपल्या राजानं त्यांच्या राजाला स्वतः हात धरून बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर काढलं आणि धर्मपुत्र करून घेतलं, ते सगळ्यांना ठाऊकच आहे. आता साहेबांची इच्छा अशी, की नदीकाठच्या प्रत्येक पाद्र्यानं ईस्टरपर्यंत निदान एक तरी डेन बाप्तिस्मा देऊन पाण्यातून काढावा.

"काढणाऱ्याचं नाव साहेब लक्षात ठेवतील," डीकन म्हणाला. "मठात एक जागा रिकामी आहे. छप्पर गळत नाही तिथलं."

माझं छप्पर गळतं. आत्ता लिहितानाही गळतंय.

मी तडक टोकीकडे गेलो. तो विनफ्लेडला लाकडं फोडून देत होता. मी नरकापासून सुरुवात केली, म्हणजे माणूस लवकर वळतो. पण जेमतेम तोंड उघडलं तोच तो म्हणाला, "चालंल की."

"म्हणजे? तुला पटलं?"

"पाद्रीबाबा, तुम्ही म्हनाल तवा."

माझ्या वाणीत एवढं सामर्थ्य आहे, हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं. विनफ्लेड मान खाली घालून लाकडं गोळा करत होती. नंतर चुलीपाशी तिनं विचारलं, "दादा, बाप्तिस्मा झाला की तो आपल्यातलाच ना?"

"पूर्णपणे."

"मग त्याला... म्हणजे इथली एखादी बाई त्याच्याशी..."

"कोण बाई?" मी दचकलो. "त्या ऑस्गिथच्या नातीवर लक्ष ठेव. तिची नजर मला बरी वाटत नाही."

विनफ्लेडनं सारण इतकं जोरात ढवळलं की अर्धं चुलीत गेलं.


उपवासकाळ, चौथा आठवडा

टोकीला धर्मशिक्षण देतोय. असा शिष्य मिळायला नशीब लागतं. मी वाक्य सुरू करायचा अवकाश, तो पुरं करतो. सैतानाला नाकारतोस का, असं विचारलं तर कुठे थुंकायचं हेही त्याला आधीच ठाऊक! शिकवणाराच चांगला असला की असं होतं.


ईस्टरआधीचा शनिवार, संध्याकाळ

झालं. माझा डेन पाण्यातून निघाला.

सगळं सुरळीत झालं असतं, पण गारमुंडनं घात केला. तो धर्मपिता म्हणून उभा राहणार होता. परवा तो म्हातारा घोडा तरणा म्हणून विकत होता, तर टोकीनं घोड्याचे दात दाखवून त्याला सगळ्या बाजारासमोर खोटं पाडलं, म्हणून स्वारी आज रुसून घरी बसली. इकडे टोकी ऑस्गिथच्या दारूच्या पिंपात छातीएवढ्या पाण्यात उभा. आमच्याकडे एवढा माणूस उभा मावेल असं दुसरं काही नाही. त्याला हात धरून बाहेर काढायला कुणीच नाही, आणि ते काम धर्मपित्याचं, पाद्र्याचं नाही. बघायला आलेला डीकन खुर्ची झटकून झटकून दमलेला.

मग मलाच सुचलं. नियमात बाईनंही पुरुषाला पाण्यातून काढलेलं चालतं. मी हाक मारली, "विनफ्लेड, पुढे ये. तू धर्ममाता हो."

ती जागची हलेना. "दादा, मी नको."

"लाजतेस काय? हात धर आणि बाहेर काढ."

"दादा, दुसरं कुणीही बघ. ऑस्गिथआज्जी आहे. मी नको म्हणते ना."

ऑस्गिथ पुढे यायलाही लागली होती, पण तिला स्वतःचा तोल सांभाळायची मारामार, पिंपातल्या डेनाचा काय सांभाळणार? मी तिला खाली बसवलं. सगळं गाव बघतंय, डीकन बघतोय, डेन कुडकुडतोय. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "घरच्या माणसानंच माझी शोभा करायची का आता?"

मग ती आली. टोकी तिला मान हलवून नको नको म्हणत होता. थंडीनं बोलता येत नसावं. तिनं त्याचा हात धरला. तो बाहेर आला. मी त्याला पांढरा सदरा घातला, कपाळाला तेल लावून पट्टी बांधली. विनफ्लेड ढसाढसा रडत होती, आणि तिच्या भक्तीनं माझेही डोळे भरून आले.

ऑस्गिथ मोठ्यानं "अरेरे" म्हणाली. तिचं पिंप आता पवित्र झालं, त्यात दारू गाळायची की नाही, या चिंतेत असेल.


ईस्टरमहिना, पांढऱ्या सदऱ्यांचा आठवडा

वाटाण्याची पेज. ईस्टर होऊन गेला, उपवास सुटला, गावात डुकरं भाजली जातायत, आणि माझ्यापुढे वाटाण्याची पेज. तीही बिनमिठाची.

विनफ्लेड बोलत नाही. टोकी बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या सदऱ्यात (तो आठवडाभर घालायचा असतो) कुंपणावर बसून असतो. ती अंगणात आली की तो आत जातो, तो आत गेला की ती बाहेर येते. मी तिला पोटासाठी नागदौणाचा काढा घे म्हणालो. तिनं काढा केला आणि माझ्यापुढे ठेवला.


त्याच आठवड्यातला गुरुवार

ऑस्गिथ आली. बसली नाही.

"टिल्रेड, तू जन्मतःच असा आहेस की मठात गेल्यावर झालास?"

"काय केलं मी?"

"काय केलं? धर्ममातेचं धर्मपुत्राशी लग्न होतं का रे? सांग की, पोथ्या तूच वाचतोस."

"छे, कसं होईल? ती त्याची आईच झाली. महापाप आहे ते."

"मग?" ती म्हणाली.

मी विचार केला. कुंपण. सारण. लाकडं. शनिवार. "विनफ्लेड?" मी म्हणालो.

"आलं लक्षात! सबंध गावाला माहीत होतं रे, माझ्या कोंबड्यांनासुद्धा. पोरगी म्हणाली होती, ख्रिस्ती हो, मग बघू. म्हणून तो पाण्यात उतरला. आणि तू तिच्याच हातानं त्याला बाहेर काढलास!"

ती गेल्यावर मी हे कातडं काढलं. इथं खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. माझ्या मनात पहिल्यांदा वाईट वाटणं आलं नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की चला, म्हणजे विनफ्लेड आता कुठे जात नाही. वाईट वाटणं त्याच्या मागून आलं. फार मागून नाही, पण मागूनच.


ईस्टरनंतरचा दुसरा सोमवार

डीकनाचा निरोप. बिशपसाहेब माझ्यावर खूष आहेत. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाला त्यांच्या शेजारी बसून जेवायचं, आणि मठातली जागा माझीच. मी निरोप्याला दोनदा सांगायला लावलं.

दुपारी टोकी आला. सदरा उतरवलेला, घडी करून हातात. तो माझ्यासमोर खाली बसला.

"पाद्रीबाबा, काईच वाट न्हाई का?"

"नाही रे बाबा. नातं जडलं. आता बिशपसाहेबसुद्धा ते सोडवू शकत नाहीत."

त्यानं खूप डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा उजळला. "मंग आपुन असं करू. पुन्यांदा घेतो मी बाप्तिस्मा. ह्या बारीला त्या म्हातारीला धरू द्या हात."

मला हसावं की रडावं कळेना. "वेड्या, बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो."

"एकदाच?" तो म्हणाला. "आसं कसं? ह्यो तर माझा चवथा."

मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. त्यानं पुन्हा म्हटलं. पहिला म्हणे समुद्रापलीकडे फ्रँकांच्या देशात, सेन नदीवर. लढाई हरले होते, तर त्यांनी पाण्यात बुडवून काढलं, पोटभर जेवायला घातलं आणि वर नवाकोरा सदरा दिला. पुढच्या वर्षी सदरा फाटला. मग दुसऱ्या गावात जाऊन पुन्हा. मग तिसरा.

"पयला सदरा लय झ्याक व्हता," तो आठवणीत रमून म्हणाला. "तुमचा वाईच टोचतो. राग नगा मानू."

"अरे, मग मला बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलं कुठं?"

खरं आहे. आधी बाप्तिस्मा झालाय का, हा विधीतला पहिला प्रश्न. लहान मुलालाही विचारायचं नियमात आहे, त्याच्या आईला. मी नरकापासून सुरुवात केली आणि तो पुढे निघाला, तर मी मागे वळलोच नाही.

त्याला वाटलं मी सदऱ्यावरून रागावलो. तो सदरा माझ्यापुढे ठेवून निघून गेला.


त्याच आठवड्यात

पोथीतलं मला पाठ आहे. खरा बाप्तिस्मा पहिला, बाकीचे नुसती अंघोळ. अजाणता दुसऱ्यांदा घेतला असेल तर त्याला प्रायश्चित्तही नाही, फक्त त्याला पाद्री होता येत नाही. टोकीची तशी काही इच्छा दिसत नाही.

म्हणजे मी ईस्टरला जे केलं ते काहीच नव्हतं. मी ऑस्गिथच्या पिंपात एका डेनाला अंघोळ घातली. धर्मपुत्र नाही, धर्ममाता नाही, कसलं नातंच नाही. विनफ्लेड मोकळी आहे.

आणि मला बिशपसाहेबांच्या शेजारी बसायचं काही कारण उरलेलं नाही.

टोकीला यातला अर्थ कळलेला नाही. विनफ्लेडला हे माहीतच नाही. म्हणजे माहीत आहे ते फक्त मला आणि देवाला, आणि देव गावात बोलत फिरत नाही.


शनिवार

मी गप्प आहे. मठातल्या जागेचा विचार करतो. कोरडं छप्पर. शिकलेली माणसं. मी काही वाईट करत नाही, नुसतं काही करत नाही, असं स्वतःला समजावतो. मला स्वतःला समजावणं फार लवकर जमतं.

संध्याकाळी विनफ्लेड बिशपसाहेबांकडच्या जेवणासाठी माझा चांगला झगा शिवत बसली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली. "तू मठात गेलास की मीही तिकडेच यायचं ना? तुझ्या स्वयंपाकाला?"

"अर्थात," मी म्हणालो. "तुला इथं एकटीला कसं ठेवीन?"

"बरं," ती म्हणाली आणि दोरा तोडला.

एवढंच. रागावली नाही, रडली नाही. हे "बरं" मी पूर्वी एकदा ऐकलंय. बाबांनी तिला त्या दारुड्याला द्यायचं ठरवून सांगितलं, तेव्हा ती हेच म्हणाली होती. तेव्हा ती अजून लहान होती आणि तिच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. आता तिच्याकडे इतके शब्द आहेत. पण माझ्यासमोर ती तोच काढते.

झगा माझ्या अंगाला अगदी नीट बसला. मला तो लगेच काढून टाकावासा वाटला.


रविवार

सांगून टाकलं. प्रवचनाच्या जागी.

मी म्हणालो, "ईस्टरला मी जो बाप्तिस्मा केला, तो बाप्तिस्मा नव्हता. टोकीचा आधीच झाला होता. तीन वेळा. मी विचारलं नाही, कारण मला तो माझा म्हणून हवा होता. तेव्हा विनफ्लेड त्याची कुणी लागत नाही. हे मी तुमच्या सगळ्यांसमोर सांगतोय आणि उद्या जाऊन बिशपसाहेबांनाही सांगणार आहे."

मग गारमुंड हसायला लागला. तो बाकाला धरून हसला, बाक सुटल्यावर खांबाला धरून हसला. "तीन वेळा! पाद्रीबाबा, निदान पाणी तरी गरम होतं का?" मग सगळं चर्च हसलं. माझ्या आख्ख्या कारकिर्दीत एवढी माणसं एवढं लक्ष देऊन कधी ऐकत बसली नव्हती. टोकी शेजारच्याला विचारत होता, "काय म्हनाले? काय म्हनाले?" शेजारच्यानं सांगितल्यावर तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

विनफ्लेड तेवढी हसली नाही. ती उठून बाहेर गेली.

घरी आलो तर ताटात वाटाण्याची पेजच होती. पण मीठ होतं. तिनं ताट ठेवलं आणि जाता जाता माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, जणू मी लहान आहे आणि ती मोठी. मी पेज पुरवून पुरवून खाल्ली.


मंगळवार

बिशपसाहेब भेटले नाहीत. डीकन भेटला. उभ्याउभ्याच. मठातली जागा नदीच्या वरच्या अंगाच्या पाद्र्याला मिळणार. त्यानं दोन डेन काढलेत.

मी त्याला सहज म्हणालो, "विचारून घ्या त्यांना." डीकनाचा चेहरा बघून परतीची सगळी वाट बरी गेली.


तीन धारांचा महिना

गाईंच्या धारा दिवसातून तीनदा काढाव्या लागतात एवढं गवत वाढलंय. आणि आज लग्न.

बोलणी भाऊ म्हणून मीच केली. लग्नानंतरच्या सकाळची भेट म्हणून नवरा तिला काय देणार, यावर मी ताणून धरणार होतो, पण टोकी प्रत्येक गोष्टीला "चालंल की" म्हणत होता. मग माझीच पंचाईत झाली. शेवटी विनफ्लेडनं आत येऊन सांगितलं, "दादा, पुरे." ती नदीपलीकडे जाणार. टोकी तिकडे परतला की बदल्यात गारमुंडचा मेहुणा ओलिसातून सुटून परत येणार, हे कळल्यापासून गारमुंड उदास आहे.

दुपारी चर्चच्या दारात दोघं आशीर्वादाला उभे राहिले. तिनं निळा झगा घातला होता. मी आधी प्रश्न विचारून घेतला.

"टोकी, याआधी तुझं लग्न झालं होतं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गारमुंडनं सगळ्यांना दिसेल असा पंजा वर करून बोटं मोजायला घेतली.

"एकदा," टोकी म्हणाला. "पयल्या बाळंतपनात गेली. बाळबी गेलं. रिबे म्हून गाव हाय आमचं, तिथं. मंगच मी जहाजावर चढलो."

गारमुंडचा हात खाली आला. टोकी नेहमीसारखाच उभा होता, कुणी विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. विनफ्लेडनं त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं. तिनं कधीतरी चुलीपाशी विचारलं असणार. सबंध उपवासकाळ तो माझ्या छपराखाली झोपला, माझ्या ताटासमोर बसून जेवला, मी त्याला दहा आज्ञा आणि सैतानाची सगळी नावं शिकवली. आणि तो इथं कशासाठी आला, हे मला आज दारात उभं राहून कळलं.

मी तिचा हात त्याच्या हातात दिला. म्हणायचं लॅटिन काही केल्या आठवेना. म्हणून आपल्याच बोलीत म्हणालो, "नीट राहा रे दोघं."